मंगळवारची यादी

मंगळवारी सकाळी साडेदहाला नॅशव्हिलहून फोन यायचा आणि तो मी पहिल्या घंटेला कधी उचलला नाही. तीनदा वाजू द्यायचे. शहरातल्या माणसांना वाटायला नको, की डोंगरातल्या बाईला दुसरा उद्योगच नाही. उद्योग नव्हता हे खरं, पण ते त्यांना का कळावं?

"मिस ओपल, जीनेट बोलतेय. काय वाजतंय या आठवड्यात?"

"माझे गुडघे. त्याखालोखाल चाळीस गाणी. घे लिहून."

मग मी चाळीस नंबरपासून वाचत वाचत वर यायचे आणि जीनेट लिहून घ्यायची. नॅशव्हिलच्या एका साप्ताहिकात दर आठवड्याला कंट्री गाण्यांची क्रमवारी छापून यायची. कोणतं गाणं वर गेलं, कोणतं पडलं, ते सगळा देश त्यात बघायचा. ती क्रमवारी बनायची अशी. जीनेटसारख्या मुली देशभरातल्या स्टेशनांना फोन करायच्या आणि आमच्यासारखी माणसं आपापली यादी सांगायची, मग सगळ्या याद्यांची बेरीज व्हायची. कोणी तपासायला येत नव्हतं. माणसाच्या शब्दावर कारभार चालायचा. आज हे सांगितलं तर माझी नात हसते. तिच्या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत, पण त्यातलं एकही गाणं तिला कोणी फोन करून विचारत नाही.

मी ओपल फ्युगेट. केंटकीच्या पूर्वेला डोंगरात पेंटर लिक नावाचं आमचं गाव आहे. तिथल्या रेडिओ स्टेशनवर मी सत्तावीस वर्षं गाणी लावली. स्टेशन म्हणजे हॉबर्ट टॅकेटच्या कुरणातल्या दोन खोल्या. मागे मनोरा, आणि मनोऱ्याच्या तारांना पाठ खाजवणाऱ्या त्याच्या गाई. हॉबर्टचं मुख्य दुकान गुराढोरांच्या खाद्याचं, स्टेशन हा त्याचा शौक. आमचं लायसन्स फक्त उजेडापुरतं होतं. सूर्य मावळला की स्टेशन बंद. जानेवारीत तर साडेपाचलाच गाशा गुंडाळावा लागायचा. अकरा वर्षं मी जीनेटला यादी सांगितली. तिचे दोन घटस्फोट मला तोंडपाठ आणि माझं पित्ताशयाचं ऑपरेशन तिला. एकमेकींचं तोंड मात्र आम्ही कधी पाहिलं नाही.

हे सगळं आठवलं की अजूनही मंगळवारी सकाळी मला चुटपुट लागते. आणि चुटपुट लागली की डेल्फिया आठवते.

डेल्फिया कोम्ब्स आमच्या प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात होती. साडेतीनशे मुलांचं जेवण रांधायची. अडतीस वर्षांची, भरल्या दंडाची, आणि आवाज असा की चर्चमध्ये गायला लागली की पाद्रीबुवा पुढचं प्रवचन आवरतं घ्यायचे. तिचा नवरा आर्व्हिल ओहायोत डेटनला कारखान्यात कामाला गेला आणि तिकडचाच झाला. त्यावर तिने एक गाणं रचलं, "दोन डबे". नवरा सोडून गेलाय, तरी ती बाई पहाटे उठून सवयीने दोन डबे भरते, मग एक रिकामा करते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन भरते. एवढंच गाणं. एकोणनव्वदच्या शरदातल्या जत्रेत नॅशव्हिलच्या एका छोट्या कंपनीच्या माणसाने ते ऐकलं आणि तिला नेऊन रेकॉर्ड करून घेतलं.

त्या माणसाने एक अट सरळ सांगून टाकली होती. गाणं क्रमवारीत चाळिसाच्या आत आलं तर पूर्ण अल्बम, सोबत वर्षभराचे कार्यक्रम. नाही आलं तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या. शाळेच्या मुख्याध्यापिकेने डेल्फियाला सांगून ठेवलं होतं, की जानेवारीअखेर काय ते ठरव, मग मला दुसरी बाई बघावी लागेल.

नव्वदचं दशक उंबऱ्यावर होतं. नॅशव्हिलला त्या वर्षी टोप्यांचं पीक आलं होतं. पंचविशीची सडसडीत पोरं, घट्ट जीन्स, डोक्यावर पांढरी टोपी, आणि गाणी सगळी सारखीच. त्यांच्यातून डेल्फियाने वर यायचं म्हणजे माझ्या मते साक्षात पराक्रम होता. आणि तो पराक्रम आपण घडवायचा असं मी मनाशी ठरवलं.

आमच्या डोंगरात आमचं धरून अशी नऊ स्टेशनं होती. सगळी छोटी, सगळी उजेडापुरती. तिथली गाणी निवडणारी माणसं एकमेकांना ओळखून होती. मी सगळ्यांना रेकॉर्ड पाठवली, फोन केले, गोड बोलले. काहींना दमही भरला. नऊही जणांनी गाणं लावलं. त्यांच्यामागून आणखी दूरदूरच्या छोट्या स्टेशनांनी लावलं. डिसेंबरात "दोन डबे" एकाहत्तरवर होतं. मग साठ. मग बावन्न. नाताळाच्या आठवड्यात क्रमवारी छापत नसत. जानेवारीचा पहिला अंक आला तेव्हा आम्ही त्रेचाळीसवर होतो.

डेल्फिया शाळेतून थेट स्टेशनवर आली. अंगावर ॲप्रन तसाच होता आणि केसांना जाळी.

"ओपल, त्रेचाळीस."

"वाचता येतं मला."

"अगं, तीनच नंबर राहिले. मला रात्री झोप येत नाही. काल चारशे पोळ्या जाळल्या मी."

"मक्याच्या?"

"मक्याच्याच. तरी मुलांनी खाल्ल्या बिचाऱ्यांनी."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, माझ्यावर सोपव. ती म्हणाली, सोपवलंच आहे की.

आता आमच्या धंद्यातली एक खोच सांगते. तुम्ही जीनेटला एखादं गाणं एक नंबर म्हणून सांगितलंत, की पुढे त्याला एकच वाट उरते, खाली उतरायची. कायमचं एक नंबरवर ठेवलं तर नॅशव्हिलवाले म्हणणार, या बाईचं काहीतरी साटंलोटं आहे. आणि गाणं खाली उतरलं की ते सगळीकडच्या बेरजेला खाली ओढतं. म्हणून शहाणा माणूस लाडकं गाणं दोन नंबरवर धरून ठेवतो. एक नंबर राखून ठेवतो. आणि जेव्हा बाकीचेही आपापला एक नंबर काढायला तयार असतात, त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून एकदम उडी मारायची. मी या कामात वाकबगार होते. अख्ख्या डोंगरात माझा हात कोणी धरणारा नव्हता, आणि हे मला कोणी सांगायची गरजही पडायची नाही.

सोमवारी मी आठही जणांना फोन केले. सात जणांनी निमूट होकार दिला. घोडं अडलं ते बर्ल स्टॅम्परपाशी. बर्ल पलीकडे व्हर्जिनियात स्टेशन चालवायचा. सावकाश बोलायचा आणि सहसा बरोबर बोलायचा, म्हणून मला तो फारसा आवडायचा नाही.

"ओपल, उडी उद्याच मारू. सगळ्यांनी एक नंबर सांगून टाकू."

"उद्या? अरे, मोठमोठ्या कंपन्यांनी आपली नवी गाणी नाताळापर्यंत दाबून धरली होती. ती सगळी याच आठवड्यात बाहेर येतायत. त्या गर्दीत आपली उडी कोणाला दिसणार? उद्या दोनवरच धर. पुढच्या मंगळवारी नऊच्या नऊ जण एकदम."

"आणि ते यंत्र?"

यंत्राचं पत्र सगळ्यांनाच आलं होतं. साप्ताहिकाने डिसेंबरातच कळवलं होतं, की नव्या वर्षाच्या सुरुवातीला क्रमवारी करायची पद्धत बदलणार. यापुढे शहराशहरांत यंत्रं बसणार, ती रेडिओ ऐकून गाणी ओळखणार आणि मोजणार. तारीख काही लिहिली नव्हती.

"बर्ल," मी म्हटलं, "आपल्याकडे डांबरी रस्ता कधी आला?"

"एकसष्टला."

"आणि बाकीच्या देशात?"

तो हसला.

"रंगीत टीव्ही कधी आला? तुझ्या घरी तर अजून आला नसेल. ते लोक वर्षाच्या सुरुवातीला म्हणतात म्हणजे उन्हाळा उजाडेल. यंत्रबिंत्र बघू मग."

"तुला खात्री आहे?"

"आहे."

"बरं बाई. तू म्हणतेस तर दोनवर."

मी फोन ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन कॉफी केली. ती कॉफी मला अजून आठवते, इतकी छान झाली होती.

मंगळवारी जीनेटला मी सांगितलं, दोन नंबर, दोन डबे. अंक आला तेव्हा आम्ही एक्केचाळीसवर होतो. डेल्फियाने मुख्याध्यापिकेला जाऊन सांगितलं, की बहुतेक तुम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. हॉबर्टने खाद्याच्या दुकानावर पाटी लावली, "पेंटर लिकची डेल्फिया, ४१". पुढचा आकडा लिहायला खाली जागा सोडली होती.

पुढच्या मंगळवारी मी नेहमीपेक्षा लवकर आले. यादी आदल्या दिवशीच टाईप केली होती. वर एक नंबरला "दोन डबे". साडेदहा झाले. पावणेअकरा झाले. फोन बिघडला की काय म्हणून मी तो उचलून कानाला लावला, तर टोन व्यवस्थित येत होता. अकरा वाजता बर्लचा फोन आला.

"तुला आला?"

"नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. त्याने तेव्हा मला चार शब्द सुनवायला हवे होते, असं मला आजही वाटतं.

मी नॅशव्हिलला फोन लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी केला होता. जीनेटने पहिल्याच घंटेला उचलला.

"मिस ओपल," ती म्हणाली. "मी तुम्हाला करणारच होते. पण धीरच होईना."

"यंत्र?"

"हो. या आठवड्यापासून तेच मोजतंय. आम्हाला शुक्रवारी सांगितलं. मला आता जाहिरातींच्या टेबलावर बसवलंय."

"आमचं स्टेशन ऐकतं का ते?"

"शहरातली मोठी स्टेशनं तेवढी ऐकतं. तुमच्या बाजूची त्यात नाहीत."

यादीचा कागद हातात तसाच होता.

"मग आता ही काय करू?" मी म्हटलं. मी चिडले होते. कोणावर ते मला तेव्हा कळत नव्हतं.

तिकडून कागद सरकवल्याचा आवाज आला.

"सांगा, मिस ओपल. मी लिहून घेते."

"कुठे देणार आहेस?"

"कुठेच नाही. पण सांगा."

मी चाळीसपासून वाचायला लागले. ती नेहमीसारखी प्रत्येक नंबराला "हं" म्हणत गेली. शेवटी म्हणाली, "एक नंबर?"

"दोन डबे. डेल्फिया कोम्ब्स."

"लिहिलं," जीनेट म्हणाली.

नवा अंक आला त्यात "दोन डबे" चाळीसवर नव्हतं, पन्नासवर नव्हतं, कुठेच नव्हतं. मी तीनदा वरून खाली बोट फिरवलं. गाणं पडलं असतं तर निदान पडलेलं दिसलं असतं. बर्लने कागदावर हिशोब केला होता. आदल्या मंगळवारी नऊ जणांनी उडी मारली असती तर आम्ही अडतीसवर आलो असतो. हे त्याने मला एकदाच सांगितलं आणि परत कधी काढलं नाही. हा त्याचा मोठेपणा, आणि तोही मला आवडला नाही.

डेल्फियाला कोणी दुसऱ्याने सांगण्याआधी आपण सांगायचं, एवढी अक्कल मला होती. मी शाळेत गेले. ती मोठ्या पातेल्यात बीन्स ढवळत होती. मी हातचं काही राखलं नाही. यंत्राचं सांगितलं, थांबायचं कोणी ठरवलं ते सांगितलं, अडतीसचा आकडाही सांगितला.

"बर्ल म्हणाला होता, उडी मारू?"

"हो."

"आणि तू म्हणालीस, थांब?"

"हो."

तिने ढवळणं थांबवलं नाही. ओरडेल, पळी फेकून मारेल, असं मला वाटलं होतं. मारली असती तर बरं झालं असतं.

"बाजूला हो, ओपल," ती म्हणाली. "मुलं येतील आता."

त्यानंतर ती स्टेशनवर आली नाही. रस्त्यात दिसली तर मान हलवायची आणि पुढे जायची. महिनाअखेरीला मुख्याध्यापिकेला तिने कळवलं, की दुसरी बाई नको. हॉबर्टने पाटी उतरवली. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही, उलट त्या दिवशी स्वतःहून डोनट आणून दिले. मी ते गाईंना घातले.

मग मला जे सुचलं ते मी केलं. आमच्या स्टेशनची यादी आम्ही दर मंगळवारी छापून गावातही लावायचो. एक हॉबर्टच्या दुकानात, एक कॅफेत, एक पोस्टात. ती छापायला नॅशव्हिलची परवानगी लागत नव्हती. मी "दोन डबे" एक नंबरवर ठेवलं. पुढच्या आठवड्यात एक नंबर. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. आता गाणं उतरवा म्हणायला कोण होतं? फेब्रुवारी गेला, मार्च सरत आला. टोपीवाली पोरं आली, दोनपर्यंत चढली आणि गेली. रेडिओवर मी रोज सांगायचे, "आणि पेंटर लिकचं एक नंबर गाणं, अजूनही." हे सांगताना मला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढंच काय ते बरं वाटायचं.

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला दार उघडलं आणि डेल्फिया आत आली. अंगावर शाळेचा ॲप्रन, हातात हॉबर्टच्या दुकानातली यादी. खिळ्यासकट उपटून आणली होती.

"हे काय आहे?"

"यादी."

"मी कुठे आहे यात?"

"एकवर."

"किती आठवडे?"

"आठ."

"काल चौथीतली एक मुलगी ट्रे पुढे करून मला म्हणाली, मिसेस कोम्ब्स, तुम्ही एक नंबर आहात, तर मग आम्हाला बीन्स का वाढता?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, बीन्सही एक नंबर आहेत. खा." तिने यादी टेबलावर आपटली. "कॅफेत लोक उठून उभे राहतात, मला खुर्ची देतात. पोस्टात म्हणतात, राणीसाहेब आल्या. ते हसत नाहीत गं, ओपल. त्यांना खरंच कीव येते. तुला बरं वाटावं म्हणून मी अजून किती दिवस वर बसून राहू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. म्हटलं, चुकले मी. यंत्राच्या वेळी चुकले आणि आता पुन्हा चुकले. मला वाटलं होतं, मला सगळं कळतं.

"ते तर तुला शाळेपासून वाटतं," डेल्फिया म्हणाली. "उतरव मला."

मी डोळे पुसले, पेन उचललं आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "मग दोनवर ठेवू?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिला असं हसू फुटलं, की तिला टेबल धरावं लागलं.

"दोनवर ठेवूनच तर ही वेळ आली, बाई!"

मीही हसले. हसता हसता पुन्हा रडले. खिडकीतून हॉबर्टच्या गाई आमच्याकडे बघत होत्या.

"यादीतूनच काढ," ती म्हणाली. "आणि गाणं लाव. नंबर सांगू नकोस."

स्टेशन बंद करायला दहा मिनिटं उरली होती. समोरच्या डोंगराच्या माथ्यावर थोडंसं ऊन शिल्लक होतं. मी सुई ठेवली आणि माईकवर एवढंच म्हटलं, की हे डेल्फिया कोम्ब्सचं गाणं. ती माझ्या शेजारी उभी राहून ऐकत होती, हात ॲप्रनच्या खिशात. गाणं संपल्यावर म्हणाली, शेवटची ओळ मी जरा घाईतच गायले. मी म्हटलं, हो, मला पहिल्या दिवसापासून वाटतंय. तिने मला दंडावर चापट मारली. पावणेसातला मी स्विच पाडला.

त्यानंतर मी आठ वर्षं तिथे होते. ते गाणं मी शेकडो वेळा लावलं आणि त्याचा नंबर कधीच सांगितला नाही.

त्या संध्याकाळी दारातून बाहेर पडताना ती थांबली. "दुपारी काय खातेस तू इथे?"

"बिस्किटं."

"हं," ती म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मुलांची जेवणं उरकून दीड वाजता ती स्टेशनवर आली, तेव्हा तिच्या हातात दोन डबे होते.